अर्ध्या सेकंदाचा हिरवा दिवा

"मावशी, हा गेला गो." डिचोलीहून कदंबाच्या बसने आलेल्या भाच्याने चपला काढायच्या आधीच पिशवीतून गेमबॉय काढून माझ्या हातात ठेवला. बटण सरकवलं की हिरवा दिवा लागायचा, पडदा एकदा उजळायचा आणि अर्ध्या सेकंदात सगळा काळोख. पुन्हा सरकवलं, पुन्हा तेच.

ही वस्तू म्हणजे गेमबॉय ॲडव्हान्स. निन्टेंडोने २००१ मध्ये आणलेला, हातात धरून खेळायचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा व्हिडिओ गेम. त्याच्या मूळ पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. खिडकीपाशी बसून, यंत्र तिरकं धरून खेळावं लागायचं. भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत तो पडदा काढून मागून उजेड देणारा आयपीएस पडदा बसवला, वर जांभळं पारदर्शक कवचही चढवलं. महिनाभर यंत्र झकास चाललं. जून लागला, चार पाऊस पडले आणि हे सुरू झालं.

"सेल नवे आहेत. मीटर लावून बघितलं, तीन व्होल्ट पुरते आहेत," तो म्हणाला. "म्हणजे बोर्डच जळला."

त्याचं मोजमाप बरोबर होतं, निष्कर्ष चुकला होता. माझ्या टेबलावर अशी फेरफार केलेली जी यंत्रं येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत घोळ इथेच झालेला असतो. यंत्र बंद असताना मोजायचं, आकडा छान दिसला की सेलला क्लीन चिट द्यायची आणि बोर्डाच्या नावाने खडे फोडायचे.

रायबंदरचा धक्का

इथे गोव्यात रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाणाऱ्यांना हे चटकन कळेल. दुपारी दोन वाजता धक्क्यावर गेलात तर एखादी स्कूटर, दोन माणसं. धक्का अरुंद आहे की रुंद, काही कळत नाही, कारण कोणी जातच नाहीये. सकाळच्या गर्दीत तोच धक्का बघा. रस्ता तोच, फेरी तीच, पण रांग पार मागे गेलेली. धक्क्याची अडचण मोजायची असेल तर ती गर्दीच्या वेळेलाच मोजावी लागते.

विजेचंही तसंच. सेलपासून चिपपर्यंत जाताना ती सेलच्या टोकाची पत्री, खालची स्प्रिंग, फ्यूज, चालू-बंदचा स्विच अशी ठाणी ओलांडते. प्रत्येक ठाण्यावर थोडा अडथळा असतोच. त्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. यंत्र बंद असताना वीज वाहतच नाही, त्यामुळे अडथळ्याचा पत्ता लागत नाही आणि मीटर खुशाल तीन व्होल्ट दाखवतो. यंत्र चालू केलं की प्रत्येक ठाणं आपला टोल कापतं. किती? जितके अँपिअर वाहतात, त्याला तितक्या ओहमने गुणायचं. ०.२ अँपिअर आणि १ ओहम, म्हणजे ०.२ व्होल्ट तिथल्या तिथे गायब. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोन सेलच्या यंत्रात मुळात तीनच व्होल्ट हाताशी असतात.

यापुढची गोष्ट मात्र थोडी आडवळणाची आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मजेची. बोर्डावरच्या चिपांना ३.३ आणि ५ व्होल्ट लागतात, सेल तर तीनच देतात. मधला कन्व्हर्टर हा दाब चढवून देतो. पुढे मागणी ठरलेली असते, समजा ०.६ वॅटची, आणि काही झालं तरी तो ती पुरी करायला बघतो. मागून तीन व्होल्ट येत असतील तर ०.२ अँपिअर ओढून काम भागतं. २.४ व्होल्टच येत असतील तर तेवढ्याच कामाला ०.२५ अँपिअर ओढावे लागतात. म्हणजे दाब कमी झाला की ओढ वाढते. ओढ वाढली की प्रत्येक ठाण्यावरचा टोल वाढतो. टोल वाढला की दाब आणखी कमी. फेरीत माणसं कमी मावायला लागली म्हणून फेऱ्या वाढवल्या, आणि त्या वाढीव फेऱ्यांनीच धक्का तुंबला, असा प्रकार.

एका क्षणी कन्व्हर्टर हात वर करतो. यंत्र बंद. ओढ संपली म्हणून टोलही संपला, आणि पापणी लवायच्या आत सेलवर पुन्हा पुरते तीन व्होल्ट! भाच्याचा मीटर खोटं बोलत नव्हता. गर्दी पांगल्यावर तो धक्क्यावर पोचत होता, एवढंच. त्यात आपले साधे मीटर सेकंदाला दोनतीनदाच आकडा बदलतात, अर्ध्या सेकंदाची घसरण त्यांच्या नजरेतून सहज निसटते.

मग हे मूळ पडद्यावर का होत नव्हतं? कारण तेव्हा गर्दीच नव्हती. मूळ यंत्र अल्कलाइन सेलवर साधारण १५ तास चालतं असं कंपनी सांगत असे. मागचा उजेड आला की तेवढ्याच सेलवर ते तास बरेच खाली येतात, म्हणजे ओढ तेवढी वाढलेली असते. स्विचमधला दोष कदाचित दहा वर्षं जुना असेल. नव्या पडद्याने तो चव्हाट्यावर आणला. त्यामुळे "पडदा बदलला आणि यंत्र बिघडलं" हे वाक्य खरं असूनही पडद्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

आधी सेल उलटा करून वाचा

भाच्याचे "नवे" सेल मी बाहेर काढले. वर बारीक अक्षरांत आर६ लिहिलेलं. आर६ म्हणजे झिंक-कार्बन, आपल्याकडे घड्याळात आणि रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त सेल. अल्कलाइनवर एलआर६ लिहिलेलं असतं आणि चार्ज करायच्या निकेल-मेटल हायड्राइडवर एचआर६. आकार तिघांचा सारखाच, स्वभाव मात्र वेगळे. झिंक-कार्बनच्या पोटातच रोध जास्त असतो. भिंतीवरच्या घड्याळाला तो जाणवत नाही; आयपीएस पडद्याने ओढ लावली की सेलचा दाब धाडकन खाली येतो. एचआर६ वर फक्त १.२ व्होल्ट लिहिलेले असतात म्हणून लोक त्यांना नाकं मुरडतात, पण पोटातला रोध अगदी कमी असल्याने ओढ सोसायला तेच दणकट. फक्त दोघांचे मिळून २.४ व्होल्ट होतात. वाटेत टोल जास्त असेल तर हिशेब तिथेही बिघडतो, आणि सेल भरलेले असतानाही हिरव्याचा लाल दिवा लवकर होतो.

नाक्यावरच्या दुकानातून एलआर६ ची जोडी मागवली. यंत्र चालू झालं. भाच्याने टाळी मागितली, मी दिली नाही. उजेड सगळ्यात वर नेला, गेमचं काडतूस घातलं, आवाज मोठा केला, आणि मिनिटभरात दिवा लाल होऊन पुन्हा अंधार. सेल हे अर्धंच उत्तर होतं.

मीटर आडवा लावायचा

आता उघडणं आलं. निन्टेंडोचे काही स्क्रू तीन पात्यांचे असतात, त्यांना चार पात्यांचा पेचकस घुसवून डोकी झिजवू नका. तीन पात्यांचा पेचकस ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मागचं कवच काढलं की सेलची पत्री आणि स्विचचे पाय उघडे दिसतात. सेल जागेवर धरायला मी कागदी चिकटपट्टी वापरते. दिसायला ओबडधोबड, पण हात मोकळे राहतात.

बहुतेक लोक मीटरचा काळा दांडा उण्याला आणि लाल दांडा अधिकला लावतात. टोल शोधायचा तर दोन्ही दांडे एकाच वाटेवर ठेवायचे: एक सेलच्या अधिक टोकावर, दुसरा स्विचच्या पलीकडच्या पायावर, आणि यंत्र चालू. वाट निर्मळ असेल तर दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून मीटरवर जवळजवळ शून्य. जो आकडा येतो तो सगळा वाटेत गळालेला दाब. मीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा. एक हजार मिलिव्होल्ट म्हणजे एक व्होल्ट.

उजेड मधोमध ठेवून यंत्र सुरू केलं. ३१० मिलिव्होल्ट.

"हे चांगलं की वाईट?" भाच्याने विचारलं. मी लाल दांडा स्विचच्या अलीकडच्या पायावर सरकवला. १४. म्हणजे पत्रीपासून स्विचपर्यंतच्या वाटेत १४ मिलिव्होल्ट, आणि एकट्या स्विचमध्ये जवळजवळ ३००. मग दांडा परत पलीकडच्या पायावर नेला आणि बोटाने स्विचची मूठ किंचित दाबली तर आकडा ९०, सोडली तर ४००, पुन्हा ३१०. आकडा असा हलायला लागला की चोर सापडला समजायचं. बोर्ड ठणठणीत होता.

त्या स्विचच्या आत धातूची एक लहानशी क्लिप दोन पत्र्यांवरून सरकते. वर्षानुवर्षं न हललेल्या पत्र्यांवर काळपट थर चढतो, आणि आमच्याकडची हवा त्याला हातभार लावते. म्हापशाहून समुद्र दिसत नाही, पण खारा वारा यायचा तो येतोच. आणि वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, तिथे स्विचचं काय घेऊन बसलात.

सेल काढून स्विच पन्नासेक वेळा मागे-पुढे करणं हा घरगुती उपाय. थर खरवडला जातो, यंत्र आठवडाभर चालतं आणि माणूस समजतो की दुरुस्त झालं. नीट करायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, तेही ९९ टक्केवाले, दोन थेंब स्विचच्या फटीत सोडायचे, मूठ हलवत राहायची, कागदाच्या टोकाने मळ टिपायचा, पुन्हा दोन थेंब. तीनचार फेऱ्या. मग पूर्ण वाळू द्यायचं. शेजारच्या काकांनी डोकावून विचारलंच, फेणीने नाही का होणार? नाही होणार. फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के. उरलेलं बहुतेक पाणीच, आणि ते बोर्डावर नको आहे. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, तर त्याहून पातळ. ती दोन्ही त्यांच्या त्यांच्या जागी उत्तम.

वाळल्यावर पुन्हा मोजलं: २२ मिलिव्होल्ट. एवढं करूनही आकडा शंभराच्या खाली उतरला नसता, तर स्विच बदलला असता. नवा मिळतो, पण जुना काढताना बोर्डावरची तांब्याची चकती उपटून येऊ शकते. डाख लावायचा (सोल्डरिंगचा) हात नसेल तर ते जाणत्याकडून करून घ्यावं.

"ॲसिड" जे ॲसिड नसतं

पत्रीवर पांढरं-हिरवं पीठ साचलेलं दिसलं तर मोजमाप नंतर, आधी ते काढा. सगळे म्हणतात सेलचं ॲसिड गळलं. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ॲसिडच्या नेमकं उलट, आम्लारी. त्यावर खायचा सोडा चोळून काही होत नाही, कारण सोडाही त्याच बाजूचा. त्याला आंबट हवं: व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, कापसाच्या काडीवर, थेंबभर. फसफसतं, मग पुसायचं आणि लगेच अल्कोहोलने धुवायचं, नाहीतर ते आंबटच पुढे तांबं खातं. घरी माडाच्या सुरेचं व्हिनेगर होतं, एकदा तेही वापरून पाहिलं. काम झालं, पण यंत्राला चार दिवस विंदालूचा वास येत होता. साधं पांढरं आणा. झिंक-कार्बन सेल गळला असेल तर मात्र तो द्राव किंचित आम्लधर्मी असतो, तिथे सोड्याचं पाणी चालतं. सेलवरचं ते आर आणि एलआर इथेही कामाला येतं.

स्प्रिंगवरचा चकचकीत मुलामा गेला असेल तर सँडपेपरने घासून ती तात्पुरती उजळते. मुलाम्याशिवायचं लोखंड पुढच्या पावसात गंजणार. स्प्रिंग बदलणं बरं.

दिवाच लागत नाही तेव्हा

भाच्याचं यंत्र निदान जीव धरत होतं. दिवाही लागत नसेल तर वाट वेगळी. सेल काढा, मीटर बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा आणि फ्यूजच्या दोन टोकांना दांडे लावा. बीप आली तर फ्यूज शाबूत. नाही आली तर उडालाय, पण लगेच त्यावरून तार ओढू नका. फ्यूज उगाच मरत नाही. पुढे कुठेतरी शॉर्ट असणार, आणि तार लावलीत तर यापुढे फ्यूजऐवजी चिप जळेल.

शॉर्ट शोधायला एक दांडा उण्याला, दुसरा ३.३ व्होल्टच्या ठिकाणी. सुरुवातीला क्षणभर बीप येऊन थांबली तर घाबरू नका, बोर्डावरचे वीज साठवणारे कपॅसिटर मीटरचीच वीज पिऊन भरतायत. बीप थांबलीच नाही तर शॉर्ट आहे. मग नव्या पडद्याची रिबन, म्हणजे बोर्डाला जोडणारी चपटी पट्टी, काढून पुन्हा बघा. बीप थांबली? तर दोष पडद्याच्या बाजूचा. रिबन काढून यंत्र चालू केल्यावर स्पीकरमधून सुरुवातीचा तो ओळखीचा टिंगकन आवाज आला, तर बोर्ड जिवंत आहे याची पक्की खात्री.

पडद्याच्या बाजूला माझ्या पाहण्यात दोनच गोष्टी पुन्हापुन्हा आल्या. एक, या यंत्राचे बोर्ड दोन तऱ्हेचे निघाले, पडद्याच्या जोडणीला कुठे ३२ पिना तर कुठे ४०. किटसोबत बहुधा दोन्ही रिबनी येतात आणि घाईत भलतीच बसते. दुसरी, उजेड कमीजास्त करण्यासाठी ज्या बारीक तारा डाखाने जोडतात, त्यांची टोकं जास्त सोललेली राहतात आणि कवच आवळलं की शेजारच्या पायाला टेकतात. उघडं असताना सगळं सुरळीत आणि स्क्रू आवळल्यावर बंद, असं असेल तर उष्णतेला टिकणारी पिवळी चिकटपट्टी लावा.

मग त्याला लिथियम हवं झालं

यंत्र चालू झाल्यावर भाच्याचं मन भरेना. आठ दिवसांनी तो टाइप-सी पोर्टवाला लिथियम बॅटरीचा किट घेऊन आला आणि इथून नवी तक्रार: "मोबाइलच्या चार्जरने चार्ज होत नाही, पण लॅपटॉपच्या जुन्या यूएसबीने होतं." पोर्ट बिघडलाय असा त्याचा निकाल तयारच होता.

टाइप-सीचा चार्जर शिस्तीचा. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली तर समोर खरंच वीज घेणारं यंत्र आहे का, हे तो आधी तपासतो. समोरच्याने पोर्टमधल्या सीसी नावाच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर उण्याकडे जोडलेला असावा लागतो. तो दिसला की ५ व्होल्ट सोडतो, नाही दिसला तर गप्प बसतो. जुना, चौकोनी यूएसबी पोर्ट असल्या चौकशा करत नाही, ५ व्होल्ट कायम उघड्यावर ठेवतो. स्वस्त किटमध्ये काही पैसे वाचवण्यासाठी हे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. इथेही तेच होतं. तांदळाच्या कणीएवढे दोन रेझिस्टर भिंगाखाली बसवले आणि मोबाइलचा चार्जर बोलायला लागला.

लिथियमची अजून एक खोड. बॅटरीला चिकटलेल्या लहान पट्टीवर राखणदार सर्किट असतं. दाब फार खाली गेला किंवा शॉर्ट झालं की ते बॅटरीचं दार बंद करतं, आणि मीटर शून्य व्होल्ट दाखवतो. बॅटरी मेली असं वाटतं. बऱ्याचदा ती मेलेली नसते, चार्जरला थोडा वेळ लावली की राखणदार दार उघडतो. मात्र बॅटरी फुगलेली, चेपलेली किंवा गोडसर वास येणारी असेल तर हे प्रयोग नकोत. टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. घराबाहेर मोकळ्यावर ठेवायची आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. पारदर्शक कवचाचा हा एक फायदा आहे, फुगवटा वेळीच दिसतो.

भाचा परत निघाला तेव्हा मी सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने लिहिलं: "स्विच २२, जून." चतुर्थीला तो येईल तेव्हा मीटर आडवा लावून पुन्हा बघायचंय. तोवर यंत्र हवाबंद डब्यात, सोबत नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या.